चुंबकाला चिकटला म्हणून आयर्न क्रॉस खरा ठरत नाही

आयर्न क्रॉस हे जुनं जर्मन लष्करी पदक खरं की डुप्लिकेट, असं कुणी विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: चुंबक लावून बघा, चिकटला तर खरा. मला हे उत्तर ऐकलं की राहवत नाही, कारण यात अर्धीच गोष्ट बरोबर आहे. १८१३ मध्ये नेपोलियनविरुद्धच्या लढाईत प्रशिया या जर्मन राज्याचा राजा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म याने हे पदक सुरू केलं, आराखडा शिंकेल या वास्तुकाराचा, आणि त्यात मधे काळा लोखंडी गाभा आणि भोवती चांदीची चौकट होती. पुढे १८७०, १९१४ आणि १९३९ मध्ये ते परत परत सुरू केलं गेलं तरी बांधणी साधारण तीच राहिली, म्हणजे गाभा मधे ठेवायचा, पुढून एक आणि मागून एक अशा दोन चौकटी बसवायच्या आणि डाख देऊन कडेला जोडायच्या. त्यामुळे चुंबक चिकटायलाच हवं हे सुचणं साहजिक आहे. पण लोखंड नकली बनवणाऱ्यालाही मिळतं ना! आणि १९३९ च्या काही खऱ्या क्रॉसमध्ये गाभा पितळेचा निघतो, तिथे चुंबक ढिम्म हलत नाही. चुंबक एवढंच सांगतं की आत लोखंड आहे, ते कधीचं आहे हे ते सांगूच शकत नाही.

चुंबकाचा विषय निघालाच आहे तर सांगतो, आपल्याकडे ‘राइस पुलर’ नावाखाली तांब्याची जुनी नाणी आणि भांडी लाखो रुपयांना विकायचा धंदा चालतो, तांदूळ ओढून घेणारी दैवी वस्तू म्हणून. तांब्याला तांदूळ ओढता येत नाही, कुठल्याच काळात येत नव्हता. तांदळाला लोखंडाचा कीस लावलेला असतो आणि वस्तूत चुंबक लपवलेलं असतं, बस. लोकांची आयुष्यभराची कमाई यात गेलीय.

आता आयर्न क्रॉसची खरी अडचण बघा. पहिल्या महायुद्धात आपल्या मराठा पलटणींतल्या जवानांना जी ब्रिटिश पदकं मिळाली त्यांच्या कडेवर नंबर, नाव, पलटण कोरलेली असते, सातारा-कोल्हापूरकडच्या घरात पणजोबांचं मेडल असेल तर कड फिरवून वाचा, कुणाचं ते कळतं. आयर्न क्रॉसवर सहसा नावच नसतं, नाव असायचं वेगळ्या सर्टिफिकेटवर, आणि कागद हरवला की पदक अनाथ. त्यात पहिल्या महायुद्धात हे क्रॉस लाखांनी वाटले गेले, उलट १९३९ मध्ये सुरू झालेला नाइट्स क्रॉस, म्हणजे त्याचाच वरचा दर्जा, फक्त सात हजारांच्या वर लोकांना मिळाला, म्हणून त्याची किंमत प्रचंड आणि नकलाही प्रचंड.

मग ओळखायचं कशावरून? इथे मला सगळ्यात आवडणारी गोष्ट येते, डायचा, म्हणजे नक्षी उठवायच्या पोलादी साच्याचा, तडा.

चौकट बनते ती कडक पोलादाच्या डायमध्ये चांदीचा पत्रा दाबून. डायमध्ये नक्षी उलटी कोरलेली असते, जिथे चौकटीवर दाणे उठायला हवेत तिथे डायमध्ये खड्डे. प्रत्येक दाबाला पोलादावर जबरदस्त ताण येतो आणि तो सगळीकडे सारखा नसतो, तीक्ष्ण कोपऱ्यात तो गोळा होतो, आणि दाणेदार कड म्हणजे नुसते कोपरेच कोपरे. एका दाबाने काही होत नाही, पण हजारो वेळा ताण-सैल, ताण-सैल झालं की कोपऱ्यात डोळ्यांना न दिसणारी चीर पडते, आणि चिरेचं टोक हे स्वतःच सगळ्यात तीक्ष्ण कोपरा असल्यामुळे ताण आता तिथेच जमतो, म्हणून चीर पुढे पुढेच सरकते. यालाच धातूचा थकवा म्हणतात. चांदी दाबाखाली त्या चिरेत घुसते आणि चौकटीवर एक बारीक उठावाची रेघ येते. उठावाची, खोलगट नाही, हे पक्कं लक्षात ठेवा, कारण नंतर पडलेला ओरखडा खोलगट असतो.

आता यातलं सौंदर्य बघा. पोलादातली चीर आपोआप भरून येत नाही. रबरी शिक्का एका जागी फाटला की त्यानंतरच्या प्रत्येक कागदावर ती फाट उमटते, तसंच. म्हणजे एकाच डायमधून निघालेल्या चौकटी तड्याच्या लांबीप्रमाणे ओळीने मांडल्या की आधीची कुठली, नंतरची कुठली हे कळतं, तारीख कुठेही न छापता.

आणि जर्मनीतल्या ल्यूडनशाइड गावच्या ‘श्टाइनहाउअर उंड ल्युक’ या पदकांच्या कारखान्याच्या बाबतीत हे फार कामाला आलं. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत कायदा झाला की जुन्या सैनिकांनी युद्धातली पदकं लावायला हरकत नाही पण गाभ्यावरचं नाझी स्वस्तिक नको, त्याजागी ओकची पानं आली. गाभा बदलला, पण चौकटीवर स्वस्तिक मुळातच नव्हतं, त्यामुळे चौकटीचा जुना डाय तसाच वापरता आला! म्हणजे १९५७ च्या पदकावरचे तडे हा एक पक्का खांब झाला आणि १९४५ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांनी घरी नेलेल्या, इतिहास माहीत असलेल्या पदकांवरचे तडे हा दुसरा. स्वस्तिकवाला क्रॉस आहे पण चौकटीवरचा तडा १९५७ च्या नमुन्याइतका किंवा त्याहून पुढे गेलेला, तर ती चौकट युद्धातली असू शकत नाही, विकणारा काहीही गोष्ट सांगो. अर्थात डाय घासून दुरुस्त केला तर रेघ पुसट होऊ शकते आणि एका कारखान्याकडे एकाहून जास्त डाय असायचे, म्हणून एका रेघेवर निकाल देत नाहीत, सगळ्या रेघा एकत्र जुळवतात, गाभ्याच्या डायमधले दोष वेगळे आणि चौकटीचे वेगळे, आणि दोन्हींचा काळ एकमेकांशी पटायला हवा.

कुणी म्हणेल खऱ्या पदकावरून रबरी साचा काढून ओतलं तर तडाही कॉपी होईल. होतोच. पण वितळलेली चांदी थंड होताना आक्रसते, शिवाय साचाही थोडा आक्रसतो, आणि एक-दोन टक्के जरी धरले तरी ४२ मिलिमीटरच्या क्रॉसमध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास फरक पडतो, जो साध्या व्हर्नियर कॅलिपरने मोजता येतो. वर दहापट भिंगाखाली हवेच्या बुडबुड्यांचे बारीक खड्डे दिसतात आणि दाण्यांच्या कडा गोलसर झालेल्या असतात. तडा बघायचा असेल तर उजेड बाजूने, अगदी तिरका टाका, समोरून फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत तो गायब होतो.

एक्स-रे फ्लुरोसन्सचं मशीनही वापरतात, त्यात क्ष-किरण अणूतला आतला इलेक्ट्रॉन उडवतात, बाहेरचा त्याजागी येतो आणि त्या मूलद्रव्याच्या ठरलेल्या ऊर्जेचा किरण सोडतो, तांब्याचा ८.०५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, चांदीचा २२.१६. या ऊर्जांचा नियम १९१३ मध्ये शोधणारा ब्रिटिश शास्त्रज्ञ हेन्री मोझली १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीला मारला गेला, तेव्हा तो फक्त २७ वर्षांचा होता. मशीन उत्तम आहे, पण ते फक्त वरचा पातळ थर बघतं, त्यामुळे मुलामा असेल तर फसगत होते, आणि ८०० नंबरची, म्हणजे हजारात ८०० भाग शुद्ध, चांदी आजही कुणीही बनवू शकतो. म्हणून ‘लॅब टेस्टेड’ एवढ्या दोन शब्दांवर पैसे मोजू नका.

फीत राहिली. अतिनील टॉर्चखाली ती निळसर पांढरी चमकली तर त्यात ऑप्टिकल ब्राइटनर आहे, आणि कपड्यांत आणि धुण्याच्या पावडरींत ही रसायनं सर्रास आली ती युद्धानंतर. पण जुनी फीत कुणी आजच्या पावडरीत धुतली असेल तर तीही चमकते. त्यामुळे एक सुटा धागा जाळून बघतात: सुती धागा कागदासारखा जळून राख होतो, रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि पॉलिएस्टर वितळून टोकाला कडक गोळी बनते. पॉलिएस्टरचा शोध १९४१ मध्ये ब्रिटनमध्ये लागला, त्यामुळे त्या युद्धातल्या जर्मन फितीत ते असायचं कारण नाही. अशी गोळी मिळाली तर फीत नंतरची हे नक्की, पण क्रॉसचं काय ते चौकटीवरूनच बघायचं, कारण खऱ्या क्रॉसला नवी फीत लावलेली असणं अगदी कॉमन आहे.