प्रसूतीपश्चात चिंता आणि आधीची औषधे

बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात आईला जडणारी, आवरता न येणारी काळजी. कोल्हापूर भागात तिला वेगळे नाव नाही. ‘जीव खालीवर होतोय’, ‘पोटात गोळा येतोय’ असेच सांगितले जाते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी येणारा रडवेपणा बहुतेकींचा दोन आठवड्यांत ओसरतो, ही काळजी मात्र मुक्काम करते. बाळ गाढ झोपलेले असते आणि आई त्याच्या छातीवर तळहात ठेवून श्वास मोजत जागी. काही जणी विळी नजरेआड ठेवायला लावतात, कारण ती दिसली की नको ते मनात येते. अशा विचारांनी आई स्वतःच हादरते. ते येतात म्हणून ती बाळाला इजा करील असे नव्हे. १९८७ साली तयार झालेली १० प्रश्नांची एडिंबरा चाचणी नैराश्यासाठी असली, तरी तिच्यातले ३ प्रश्न चिंतेकडे बोट दाखवतात.

बाळंतीण बहुधा माहेरी असते. सव्वा महिन्याची शेक-शेगडी, धुरी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर या सगळ्यांपेक्षा रात्री बाळ घ्यायला मिळणारे आईचे किंवा वहिनीचे हात अधिक मोलाचे, कारण सलग झोप हाही उपचारच आहे. त्रास होतो तो भेटायला येणाऱ्यांचा. जी येते ती ‘दूध पुरतंय का?’ विचारते. धडधड वाढली की दृष्ट काढतात. त्याने बिघडत काही नाही, पण त्यावर महिना घालवू नये. बाळंतपणानंतरची थायरॉईडची सूज किंवा पंडुरोग (अंगात रक्त कमी असणे) अशीच धडधड देतात, म्हणून रक्ताची तपासणी आधी करून घेतात.

माहेरच्या कपाटात पूर्वी कधीतरी लिहून दिलेल्या गोळ्यांची अर्धी पट्टी सापडते. कापलेल्या पट्टीवर कित्येकदा मुदतीची तारीखही उरलेली नसते. ती अल्प्राझोलाम वा क्लोनाझेपाम या चिंता-झोपेच्या गोळ्यांची असेल, तर आपल्या मनाने घेणे धोक्याचे: गुंगी आईला येते, औषध दुधातून काही प्रमाणात बाळाकडेही जाते, आणि गुंगीत बाळाला कुशीत घेऊन झोपणे सर्वांत घातक. दोन्ही चिठ्ठीविना देता येत नाहीत. अल्प्राझोलाम तर ‘एच-१’ या औषधांच्या कडक सरकारी यादीत आहे, त्याच्या विक्रीची नोंद दुकानदाराला ३ वर्षे ठेवावी लागते. जुन्या नैराश्यरोधक गोळीची गोष्ट वेगळी. खंड पडल्यावर ती थेट जुन्या मात्रेत सुरू करत नाहीत, गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि सुरुवातीला अस्वस्थता वाढूही शकते. घरात किंवा स्वतःला द्विध्रुवी विकार (बायपोलर, म्हणजे कधी उदासी तर कधी उन्माद) होऊन गेला असेल, तर तीच गोळी उन्माद उसळवू शकते. डॉक्टरांनी विचारले नाही तरी हे त्यांना आपणहून सांगावे.

उलटी चूकही तितकीच होते, आणि तिच्याबद्दल कमी बोलले जाते. चालू असलेली गोळी ‘अंगावर पाजतेस ना, मग बंद कर’ म्हणून एका दिवसात सोडायला लावतात. त्याने चक्कर, चिडचिड, झोपमोड होते, मूळ आजार उलटतो. झोपेच्या गोळ्या दीर्घकाळ घेतलेल्या असतील, तर अचानक सोडल्यास फिट येऊ शकते. सर्ट्रालीनसारखे नैराश्यरोधक औषध दुधात फारच थोडे उतरते, म्हणून स्तनपानात त्याला बऱ्याचदा पसंती मिळते. बाळ अपुऱ्या दिवसांचे असल्यास बालरोगतज्ज्ञांशीही बोलावे लागते. गरोदरपणात वाढवलेली मात्रा बाळंतपणानंतर जास्त ठरू शकते, लिथियम या द्विध्रुवी विकारावरच्या औषधाची तर विशेषतः. डॉक्टरांकडे जाताना नाव आठवत बसण्यापेक्षा पट्टी, जुनी चिठ्ठी आणि चालू काढ्याची बाटली पिशवीत घालून न्यावी.

चिंतेला धरून बोलण्याचे उपचार औषधाइतकेच महत्त्वाचे. सौम्य त्रासात तेवढे पुरतात. उपचारांसाठी कोल्हापूर शहरात सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय सर्वांना ठाऊक आहे. गडहिंग्लज-राधानगरीकडून लगेच येणे जमत नसेल, तर १४४१६ या टेलिमानस (मानसिक आरोग्याची सरकारी दूरध्वनी सेवा) क्रमांकावर बोलता येते. आशाताई दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ४२ दिवसांत ६ वेळा घरी येतात. बाळाचे वजन झाल्यावर त्यांना हेही सांगता येते.

झोपेची गरजच न वाटणे, भास होणे, संशय घेणे, बाळाबद्दल भलतेच ठाम सांगणे किंवा जीव द्यावासा वाटणे ही नुसती चिंता नव्हे, गंभीर आजाराची खूण आहे. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि आईला बाळासह एकटे सोडू नये. भरती केले तर बाळ तुटेल, या भीतीने घरचे थांबतात. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार तीन वर्षांखालील मूल उपचार घेणाऱ्या आईपासून एरवी वेगळे केले जात नाही. तिच्याकडून बाळाला धोका असल्यास ते काही काळ दूर ठेवतात, पण तेव्हाही देखरेखीखाली दोघांची भेट घडवतात.