कॅराव्हेल (प्रवासी विमान)

कॅराव्हेल हे फ्रान्समध्ये बनलेले, आखूड व मध्यम पल्ल्याचे दोन इंजिनांचे जेट प्रवासी विमान. जेट इंजिने शेपटीजवळ, मुख्य सांगाड्याच्या दोन्ही अंगांना बसवलेले हे पहिले प्रवासी विमान होय. पुढे डीसी-९, बीएसी वन-इलेव्हन, तुपोलेव्ह-१३४ अशा अनेक विमानांनी हीच मांडणी उचलली.

दुसऱ्या महायुद्धाने फ्रान्सचा विमानउद्योग मोडकळीस आणला होता. तो पुन्हा उभा करण्याच्या खटपटीत सरकारी समितीने ऑक्टोबर १९५१ मध्ये नव्या विमानाच्या अपेक्षा जाहीर केल्या : सुमारे ५५ ते ६५ प्रवासी, २,००० किमी.पर्यंतचा पल्ला आणि ताशी ६०० किमी.च्या आसपास वेग. तुलूझ येथील सुद-एस्त या सरकारी कंपनीत पिएर सात्र यांच्या नेतृत्वाखाली आराखडा तयार झाला. प्रथम शेपटीकडे तीन फ्रेंच आतार इंजिने बसवण्याचा विचार होता. रोल्स-रॉइसचे अधिक ताकदीचे एव्हॉन इंजिन मिळू लागल्यावर दोनच पुरेशी ठरली, तिसरे काढले गेले. उरलेल्या दोघांची जागा मात्र तीच राहिली. वेळ व पैसा वाचवण्यासाठी नाकाचा भाग आणि वैमानिक कक्षाची रचना ब्रिटिश कॉमेट विमानाकडून घेण्यात आली. अभिमानापेक्षा काम पुढे नेण्याला महत्त्व देणारा हा निर्णय शहाणपणाचाच म्हटला पाहिजे. पहिले उड्डाण २७ मे १९५५ रोजी तुलूझला झाले. वैमानिक होते पिएर नादो. १९५७ मध्ये सुद-एस्त आणि सुद-वेस्त या कंपन्या एकत्र येऊन सुद एव्हिएशन झाली.

इंजिने मागे गेल्यामुळे पंख मोकळे झाले. त्यांवरून हवा विनाअडथळा वाहू लागली, आणि एक इंजिन बंद पडले तरी विमान एका बाजूला फार ओढले जात नसे, कारण दोन्ही इंजिने मधल्या रेषेच्या जवळ होती. पंख किती कार्यक्षम आहेत हे दाखवण्यासाठी १९५९ मध्ये दोन्ही इंजिने अगदी मंद ठेवून पॅरिसच्या आकाशातून दिजाँपर्यंत विमान तरंगत नेण्यात आले. प्रवाशांना जाणवणारा फायदा शांततेचा : पुढच्या आसनांवर इंजिनाचा आवाज जेमतेम पोचत असे. खिडक्या गोलाकार कोपऱ्यांच्या त्रिकोणी होत्या, वर निमुळत्या आणि खाली रुंद. भोक लहान राहूनही खालची जमीन चांगली दिसे. शेपटीखाली उघडणारा जिना विमानातच असल्याने लहान विमानतळांवर बाहेरून शिडी आणावी लागत नसे.

स्कँडिनेव्हियाच्या एसएएस या विमान कंपनीने एप्रिल १९५९ मध्ये आणि एअर फ्रान्सने मे महिन्यात कॅराव्हेलने वाहतूक सुरू केली. १९६० मध्ये अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्सने २० विमाने मागवली. सहा-आर या त्या प्रकारात इंजिनाचा झोत उलटवून वेग कमी करण्याची सोय होती; त्याआधीच्या प्रकारांत उतरल्यावर मागे पॅराशूट उघडता येई. अमेरिकेत मात्र याहून मोठी बाजारपेठ हाती लागली नाही. विक्रीसाठी सहकार्य करणाऱ्या डग्लस या अमेरिकी विमाननिर्मिती कंपनीनेच पुढे डीसी-९ आणले, आणि टीडब्ल्यूए या अमेरिकी विमान कंपनीची मागणी रद्द झाली. ९ जानेवारी १९६९ रोजी एअर इंटर या फ्रान्सच्या देशी वाहतूक कंपनीची कॅराव्हेल ल्यों येथून येऊन पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावर आपोआप उतरली. दृश्यता फारच कमी असताना, प्रवाशांसह केलेल्या नियमित फेरीतील ही अशी पहिली घटना होती. हिवाळ्यातल्या धुक्यामुळे फेऱ्या रद्द करण्याची पाळी येणाऱ्या देशी वाहतुकीला याची खरी गरज होती.

भारतात इंडियन एअरलाइन्सने १९६४ मध्ये सहा-एन प्रकारची विमाने आणली. या कंपनीची ही पहिली जेट विमाने. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास यांमधला प्रवास त्यांनी बराच कमी वेळाचा केला. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी मध्यरात्रीनंतर मुंबईहून मद्रासला निघालेल्या कॅराव्हेलचे एक इंजिन उड्डाणानंतर लगेच निकामी झाले. धातूच्या थकव्याने (वारंवार ताण पडून) तडा गेलेली, इंजिनात हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरची चकती फुटली होती. इंधनाची नळी तुटून आग लागली. वैमानिकांनी विमान सांताक्रूझकडे वळवले, पण नियंत्रणासाठी लागणारा हायड्रॉलिक (द्रवाचा) दाब गेला आणि धावपट्टीपूर्वीच ते कोसळले. विमानातील सर्व ९५ जण मृत्युमुखी पडले. मागे बसवलेल्या इंजिनांना पंखातल्या टाक्यांमधून इंधन न्यायचे, तर नळ्या विमानाच्या सांगाड्यातूनच जाणार. या मांडणीची ही जोखीम लक्षात घेतल्याशिवाय तिचे मूल्यमापन पुरे होत नाही.

सुमारे २८० विमाने बांधल्यावर १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत उत्पादन थांबले. कॅराव्हेल-१२ हा शेवटचा लांबवलेला प्रकार १४० पर्यंत प्रवासी नेई. सात्र तोवर कॉन्कॉर्ड या ध्वनीहून वेगवान प्रवासी विमानाच्या कामात गुंतले होते, आणि तुलूझच्या कारखान्यांत एअरबसची जुळणी सुरू झाली होती. एअर फ्रान्सने १९८१ मध्ये आपली कॅराव्हेल निवृत्त केली. आफ्रिकेत मात्र मोजकी विमाने एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत उडत होती.