फोनच्या पडद्यावरच्या त्या चार रेषा

फोनच्या कॅमेऱ्यात ग्रिड चालू केलं की पडद्यावर दोन आडव्या आणि दोन उभ्या रेषा उमटतात, चौकटीचे नऊ सारखे भाग होतात. फोटोग्राफी शिकायला लागलेल्या माणसाला सगळ्यात आधी हेच सांगितलं जातं : विषय मधोमध ठेवू नका, रेषा जिथे छेदतात तिथे ठेवा. सल्ला वाईट नाही. पण तो कुणी, कशासाठी दिला होता हे सहसा सांगितलं जात नाही. मग नवशिका त्याला निसर्गनियम मानतो आणि समोरचं दृश्य कसंही असो, चेहरा नेऊन छेदबिंदूवर ठेवतो.

हा ‘रूल ऑफ थर्ड्स’, म्हणजे तृतीयांशाचा नियम, कॅमेऱ्याहून जुना आहे. आज टिकून असलेलं सगळ्यात जुनं कॅमेऱ्यातलं छायाचित्र फ्रान्समध्ये निसेफोर न्येप्सने १८२६-२७च्या सुमारास घेतलं. त्याच्या जवळपास तीस वर्षं आधी, १७९७ साली, जॉन थॉमस स्मिथ या लंडनच्या खोदचित्रकाराने ‘रिमार्क्स ऑन रूरल सीनरी’ हे पुस्तक काढलं. खेड्यातल्या झोपड्या आणि त्यांचा परिसर चित्रात कसा आणावा, हा त्याचा विषय. चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्सने चित्रातला उजेड आणि अंधार सारख्या प्रमाणात असू नयेत असं म्हटलं होतं. स्मिथने तो विचार पुढे नेला. निसर्गचित्रात आभाळाला एक तृतीयांश जागा द्या किंवा दोन तृतीयांश, पण अर्धी देऊ नका; पाणी आणि जमीन यांचंही तसंच. बरोबर अर्धे भाग त्याला फार औपचारिक वाटत, आणि चार पंचमांश म्हणजे अतिरेक.

स्मिथ बोलतोय तो वाटणीबद्दल. चित्रात कुणाला जास्त जागा द्यायची आणि कुणाला कमी, हे ठरवा, एवढंच त्याचं म्हणणं. छेदबिंदूंवर विषय ठेवण्याची गोष्ट त्याच्या त्या उताऱ्यात नाही. ती नंतर चिकटली. हा नियम म्हणजे सुवर्ण गुणोत्तराचं, म्हणजे सुंदर मानल्या गेलेल्या एका जुन्या प्रमाणाचं, सोपं रूप, असंही अनेकदा छापून येतं. चौकटीची लांबी १ धरली तर सुवर्ण गुणोत्तराची रेषा ०.६१८वर पडते, दोन तृतीयांशाची ०.६६७वर. दोन्ही जवळ आहेत, पण स्मिथने आपला नियम तिथून काढलेला नाही.

मला वाटतं, नवशिक्याच्या खऱ्या उपयोगाचा आहे तो हा मूळ अर्थ. राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून ढग टिपायचे आहेत की खाली पसरलेल्या डोंगररांगा? क्षितिज मधून जातं तेव्हा बहुतेक वेळा हा प्रश्न स्वतःला विचारलेलाच नसतो. तो विचारला की रेषा आपोआप वर किंवा खाली सरकते, ग्रिड असो वा नसो. आणि निश्चल तळ्यातलं प्रतिबिंब हाच विषय असेल, तर क्षितिज खुशाल मधोमध ठेवावं. तिथे वरचा आणि खालचा भाग खरोखरच समान हक्काचे असतात.

फोटोच्या रचनेतलं बाकीचं बरंच काही चित्रकारांकडून न येता यंत्राच्या अडचणींतून आलं. एकोणिसाव्या शतकातला छायाचित्रकार डोक्यावर काळं कापड घेऊन कॅमेऱ्यामागच्या दुधी काचेवर प्रतिमा पाहायचा. ती प्रतिमा उलटी असे : आभाळ खाली, जमीन वर, डावं उजवीकडे. १८५१ साली आलेल्या ओल्या कोलोडियनच्या पद्धतीत काचेवर रसायन लावायचं, ते ओलं असतानाच फोटो घ्यायचा आणि सुकायच्या आत प्लेट धुवायची. एवढा खटाटोप एका फोटोसाठी, म्हणून चौकट आधी नीट ठरवूनच प्लेट घातली जाई. उलट्या प्रतिमेचा एक फायदाही होता. माणूस, झाड, देऊळ अशी ओळख मागे पडते आणि काळे-पांढरे आकार, त्यांचं वजन, कोपऱ्यात घुसलेली एखादी फांदी आधी दिसते. आजही आपला फोटो स्क्रीनवर उलटा करून पाहिला तर रचनेतला तोल कुठे बिघडलाय ते चटकन कळतं. ही युक्ती शिकणाऱ्या प्रत्येकाने करून पाहावीच.

छायाचित्रकार लाला दीनदयाळ याच जड कॅमेऱ्यांच्या काळातले. जन्म १८४४, मेरठजवळच्या सरधन्याचा. शिक्षण रुडकीच्या थॉमसन अभियांत्रिकी महाविद्यालयात, नोकरी इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात. पुढे १८९६मध्ये त्यांनी मुंबईतही स्टुडिओ काढला. त्यांच्या वास्तुचित्रांत खांब सरळ उभे राहतात, जमीन घसरत नाही. त्यांच्या या शिस्तीत नकाशे काढणाऱ्याची नजर मला स्पष्ट दिसते.

१८८८मध्ये जॉर्ज ईस्टमनच्या कोडॅकने हे सगळं उलथून टाकलं. त्या पहिल्या डब्याला व्ह्यूफाइंडर, म्हणजे चौकट पाहायची खिडकीच नव्हती. नेम धरण्यासाठी वर फक्त व्हीच्या आकाराच्या रेषा होत्या. फोटो यायचे गोल, अडीच इंच व्यासाचे, एका रोलवर शंभर. गोल असल्यामुळे भिंगाने अंधूक केलेले कोपरे कापले जात आणि कॅमेरा थोडा तिरका धरला तरी फारसं बिघडत नसे. लाखो लोकांच्या हाती कॅमेरा गेला, पण चौकट पाहण्याची सवय काही काळ मागे पडली.

आजच्या बऱ्याच कॅमेऱ्यांची ३:२ ही चौकटही कुणी सौंदर्याचा विचार करून ठरवलेली नाही. लाइट्झ कंपनीतल्या ऑस्कर बार्नाकने ३५ मिमी सिनेमाची फिल्म आडवी फिरवली आणि १८ × २४ मिमीच्या दोन चौकटी जोडून २४ × ३६ मिमीची एक केली. हा कॅमेरा, म्हणजे लायका, १९२५च्या लाइपझिग जत्रेत बाजारात आला. तो डोळ्याला लावून चालता चालता फोटो काढता येई. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँने १९३२च्या सुमारास लायका हाती घेतला. आधी त्याने चित्रकार आंद्रे लोतकडे रचनेचे धडे घेतले होते, आणि फोटो काढतानाच चौकट पूर्ण व्हावी, नंतर कापाकापी नको, असा त्याचा आग्रह होता. तरी सें-लाझार स्टेशनामागे पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा त्याचा प्रसिद्ध फोटो क्रॉप केलेला आहे. कुंपणाच्या फटीतून तो घेतला होता आणि कडेला फळी आडवी आली होती. क्रॉप करावं की नाही यावर वाद घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला रोलीफ्लेक्स हा कॅमेराही वापरत. त्याची चौकट ६ × ६ सेमी, चौरस. कॅमेरा पोटाशी धरून वरून खाली पाहायचं. चौरसात आडवं-उभं असा प्रश्नच येत नाही आणि माणूस मधोमध उभा केला तरी तो ठाम दिसतो. तृतीयांशाचा नियम तिथे पुष्कळदा बाजूला ठेवावा लागतो.

छायाचित्रकार रघुबीर सिंग तर चौकटीत रिकामी जागा शोधतच नसत. त्यांच्या रंगीत फोटोंत एकाच चौकटीत चार-पाच घटना चालू असतात. १९९४च्या मुंबईवरच्या पुस्तकात दुकानांच्या काचा आणि आरसे रस्त्याला आत ओढून आणतात. पुढे त्यांनी ॲम्बॅसडर गाडीच्या खिडक्या, दारं आणि समोरची काच यांच्याच चौकटीतून देश टिपला, आणि ते काम पुस्तकरूपाने त्यांच्या निधनानंतर, २००२मध्ये आलं.