खुब्याचा एक्स-रे: मानेचा कोन वाढलाय की हाडाला पीळ आहे?

वाळपईहून फोंड्याला माझ्याकडे व्यायामासाठी येणाऱ्या एका काकींच्या रिपोर्टात लिहिलं होतं, ‘मांडीच्या हाडाच्या मानेचा कोन वाढलेला.’ मान म्हणजे खुब्याचा गोळा आणि हाडाचा लांब दांडा यांना जोडणारा आखूड, तिरका भाग. खुब्याची वाटी जन्मापासून उथळ, आता पन्नाशीत सांधा झिजलेला, बदलायचं ठरलेलं. पण त्या दारातून आत आल्या तेव्हा माझं लक्ष पावलांकडे गेलं. दोन्ही अंगठे एकमेकांकडे वळलेले. ‘देवळात भजनाला मांडी घालून बसायचात का?’ विचारलं. ‘लहानपणापासून कधी जमलंच नाही गो. पावलं दोन बाजूंना टाकून बसायचे,’ म्हणाल्या. ही लक्षणं पिळाची, म्हणजे मान पुढच्या बाजूला जास्त वळल्याची, कोनाची नव्हेत.

गल्लत कशी होते ते शेवग्याच्या शेंगा ओढायच्या आकडीवर बघा. लांब काठी, टोकाला तिरकी बांधलेली छोटी काडी. काठी म्हणजे हाडाचा दांडा, काडी म्हणजे मान. आकडी बाजूने बघितली की दोघींमधला कोन स्वच्छ दिसतो. आता काठी हातातच फिरवा आणि काडीचं टोक स्वतःच्या तोंडाकडे आणा. काडी आखूड दिसते आणि जवळजवळ काठीच्या सरळ रेषेत आल्यासारखी वाटते. खरा कोन तसूभरही बदललेला नसतो. एक्स-रे म्हणजे अशीच सावली. म्हणून मानेचा एक्स-रे काढताना पाय 15 ते 20 अंश आत वळवून ठेवतात. पीळ फार असला तर तेवढंही पुरत नाही.

मोठ्या माणसात मान आणि हाडाचा दांडा यांच्यातला कोन साधारण 125 ते 130 अंश असतो. पीळ म्हणजे गुडघ्याच्या आडव्या रेषेच्या तुलनेत मान किती पुढे वळली आहे ते. तान्ह्या बाळात तो 30 ते 40 अंश असतो आणि वाढत्या वयात 10 ते 15 वर येतो. उथळ वाटीच्या खुब्यात तो बऱ्याचदा जास्तच राहतो. 2003 साली संशोधक फिलिप नोबल आणि सहकाऱ्यांनी सीटी स्कॅनवरून अशा हाडांचे आकार मांडले. त्यात हा पीळ मुख्यतः मानेत नव्हे, तर त्याखालच्या दांड्यात सापडला. शिवाय हाडातली पोकळी नेहमीपेक्षा अरुंद आणि सरळ.

सांधा बदलताना सगळा फरक इथेच पडतो. मान तर कापूनच टाकायची असते, त्यामुळे तिचा कोन वाढलेला असला तरी योग्य मापाचा कृत्रिम दांडा निवडून बरंचसं निभावतं. पीळ मात्र उरलेल्या हाडात तसाच राहतो. पोकळीत घट्ट बसणारा नेहमीचा दांडा त्या पिळाबरोबर फिरतो आणि नवी मान नको तितकी पुढे येते. मग पाय बाहेर वळवला की मानेची मागची बाजू वाटीच्या कडेला आपटते आणि गोळा पुढून निसटू शकतो. ते टाळायला माणूस पुन्हा पाऊल आत वळवून चालतो. यासाठी शंकूसारखा गोल, बारीक दांडा वापरतात. तो हव्या त्या दिशेला फिरवून बसवता येतो. गोळा फार वर सरकलेला असेल तर हाड कापून आखूड करतात आणि त्याच वेळी पीळही सोडवतात. पाय एकदम 4 सेंटिमीटरहून जास्त लांबवला तर मांडीमागची मोठी नस ताणली जाण्याची भीती असते, हेही त्यामागचं कारण.

काकींना पालथं झोपवून कमी झिजलेल्या पायाचा गुडघा काटकोनात वाकवला. खुब्याच्या बाजूचा उंचवटा हाताला सगळ्यात जास्त लागेपर्यंत नडगी बाहेर झुकवत नेली. उभ्या रेषेपासून ती चाळिसेक अंश झुकली. झिजलेल्या बाजूला सांधा फिरतच नव्हता, तिथे ही तपासणी काही सांगत नाही. खुबा आणि गुडघा अशा दोन्ही ठिकाणचे काप असलेला सीटी स्कॅन डॉक्टरांकडे मागून घ्या, असं मी त्यांच्या मुलाला रिपोर्टाच्या पाकिटावरच लिहून दिलं.