शत्रू घरातलाच : कौटुंबिक थरार कादंबरीची पार्श्वभूमी

या कादंबऱ्यांत पोलीस उशिरा येतात, आणि आले तरी फारसे कामाला येत नाहीत. खून झालाच पाहिजे असंही नाही. नवरा, बायको, सासू, कामाला ठेवलेली बाई, समोरच्या घरातली शेजारीण एवढीच माणसं असतात आणि यातलं खोटं कोण बोलतंय, हा एकच प्रश्न. बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या मराठी घरांतूनही ही पुस्तकं इंग्रजीत नाहीतर भाषांतरात वाचली जातात. वरून ‘टाइमपास आहे’ असंही म्हटलं जातं. पण हा प्रकार दीडशे वर्षांहून जुना आहे, आणि तो टाइमपासवर एवढा टिकला असेल असं मला वाटत नाही.

१८५७ पर्यंत इंग्लंडात पूर्ण घटस्फोट हवा असेल तर पार्लमेंटकडून खास कायदा करून घ्यावा लागे, म्हणजे तो बड्यांनाच परवडे. त्या सालच्या कायद्यानं वेगळं न्यायालय निघालं, खटले उभे राहू लागले आणि साक्षी वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने छापून येऊ लागल्या. सभ्य घरांत दारं लावून काय चालतं ते गावभर झालं. दोनच वर्षांनी, नोव्हेंबर १८५९ मध्ये, डिकन्सच्या साप्ताहिकात विल्की कॉलिन्सची ‘द वुमन इन व्हाइट’ क्रमशः सुरू झाली. तिच्यात बाईला लुबाडणारा तिचा नवराच आहे. पैशासाठी तो बायकोला तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या बाईच्या नावानं वेड्यांच्या इस्पितळात डांबतो, आणि ती दुसरी मेली की ‘बायको वारली’ म्हणून जाहीर करतो. अतिरंजित वाटेल, पण लग्न झालं की बायकोची रोकड नवऱ्याची, हा तेव्हाचा कायदाच होता. तो १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी मोडला. कॉलिन्सनं आणखी एक केलं. कोर्टात एकामागून एक साक्षीदार यावेत तशी गोष्ट निरनिराळ्या माणसांच्या तोंडून सांगितली. निवाडा वाचकावर आला.

त्याच काळात बडोद्यात जे घडलं ते कुणा कादंबरीकारानं लिहिलं असतं तर कुणी खरं मानलं नसतं. ९ नोव्हेंबर १८७४. रेसिडेंट, म्हणजे संस्थानातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेअर सकाळी फिरून आले आणि रोजच्यासारखा पपनसाच्या सरबताचा पेला उचलला. दोन-तीन घोट घेतले, बरं वाटेना, बाकीचं ओतून टाकलं. तळाशी काळपट गाळ राहिला होता. त्यात सोमल (आर्सेनिक हे विष) निघाला. हिऱ्याची पूडही होती असं सांगितलं गेलं. आरोप बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर आला, पण खटला उभा होता तो रेसिडेन्सीतल्या हवालदार, जमादार, आया अशा चाकरमंडळींच्या जबान्यांवर. घरभर वावरणारी आणि म्हणूनच कुणाच्या नजरेत न भरणारी माणसं. चौकशीसाठी नेमलेल्या १८७५ च्या आयोगात तीन इंग्रज आणि तीन हिंदी सदस्य होते. हिंदी सदस्य म्हणजे ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. बचावाला लंडनहून सार्जंट बॅलंटाइन आले. मतं पडली तीन विरुद्ध तीन. सरकारनं मल्हाररावांना गैरकारभाराचं कारण देऊन काढलंच, आणि आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा जमनाबाईंनी दत्तक घेतलेले सयाजीराव गादीवर आले. राजकारणाचा भाग सोडला तरी पेल्यात विष कुणी घातलं याचा वाद मिटला नाही. या कादंबऱ्यांची ओढ मला इथेच दिसते : रोजचा पेला, रोजचा हात, आणि कुणाच्या शब्दावर विसंबायचं हे ठरत नाही.

१९३८ मध्ये हा संशय आणखी आत शिरला. लंडनच्या रंगभूमीवर पॅट्रिक हॅमिल्टनचं ‘गॅस लाइट’ आलं. नवरा गुपचूप वरच्या मजल्यावर जाऊन दिवा लावतो, त्यामुळे खालचा गॅसचा दिवा मंदावतो. बायकोला ते दिसतं, आणि नवरा तिला वेड लागत चाललंय हे पटवण्याच्या मागे असतो. त्याच साली डाफ्नी द्यू मोरिएची ‘रिबेका’ निघाली. तिच्यातली नवी नवरी पहिल्या बायकोच्या सावलीत आणि जुन्या हाउसकीपरच्या धाकात वावरते. तिला नावसुद्धा दिलेलं नाही. आपल्याकडच्या नव्या सुनेला यातलं फारसं काही समजावून सांगावं लागू नये.

मराठीत ही भीती नव्हती असं नाही. ती दुसऱ्या खात्यावर जमा होती. १८९० मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’मध्ये हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ क्रमशः आली. तिची यमू स्वतःची हकिकत स्वतः सांगते, आणि विधवा झाल्यावर तिचं केशवपन होतं ते घरच्याच माणसांच्या जबरदस्तीनं. तिला आपण सामाजिक कादंबरी म्हणतो, आणि ती आहेच. पण तिची शेवटची प्रकरणं वाचताना छातीत जे धडधडतं ते थरारकथेचंच. पुढे बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, पण झुंजार काय, काळा पहाड काय, ही सगळी बाहेरची मर्दुमकी. घरातलं भय गूढकथेकडे गेलं. रत्नाकर मतकरींच्या कथांत ते साध्या मध्यमवर्गीय बिऱ्हाडात येऊन बसतं.

आजची लाट आली ती २०१२ च्या ‘गॉन गर्ल’नंतर. मंदीत नवरा-बायको दोघांच्याही नोकऱ्या गेलेल्या, शहर सुटलेलं, घर तिच्या पैशावर चाललेलं. बायकोची रोजनिशी वाचता वाचता आपण तिच्या बाजूचे होतो, आणि ती रोजनिशीच बनावट निघते (न वाचलेल्यांनी माफ करावं). कॉलिन्सच्या काळात बाई फसवली जायची; इथे ती फसवते, आणि वाचक दोघांवरही भरवसा ठेवू शकत नाही. २०२२ च्या ‘द हाउसमेड’मध्ये तर गोष्ट सांगायला कामाला आलेली बाईच पुढे झाली.

घरातून बाहेर पडायची वाट असली, की ‘मग ही अजून इथे का राहते?’ हा प्रश्न वाचकाला छळायला लागतो. वाटच नसेल तर उरते ती नुसती करुण कहाणी. बडोदे संस्थानात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९३१ मध्येच झाला, देशाचा हिंदू विवाह कायदा १९५५ चा. म्हणजे हा प्रश्न इथल्या घरांत लवकर येऊन ठेपला होता. तरी मराठी वाचक आजही तो लंडन-न्यूयॉर्कच्या घरांत जाऊन वाचतो. वाड्याच्या वाटणीचे कागद, परदेशातला मुलगा, आजींसाठी ठेवलेली चोवीस तासांची बाई, एवढं सगळं जवळ असताना.