कलम वाढलं की खालची फांदी वर जाते का?

"लहान झाडाला कोयता लावू नका, झाड वाढेल तशी खालची फांदी आपोआप वर जाते." कोकणात परसात हापूसचं कलम लावणाऱ्याला हा सल्ला हमखास मिळतो. उंच झाडांच्या फांद्या उंचावर दिसतात, त्यामुळे तो पटतोही. पण तसं होत नाही.

झाडाची उंची फक्त शेंड्याकडे वाढते. खोडाचा तयार झालेला भाग पुढे जाड होतो, लांब होत नाही. म्हणून दोन फुटांवरची फांदी वीस वर्षांनीही दोन फुटांवरच राहते, उलट जाड होऊन जमिनीला आणखी जवळ दिसते. उंच झाडांच्या खालच्या फांद्या वर गेलेल्या नसतात. त्या सावलीत वाळून गळलेल्या किंवा कोणीतरी छाटलेल्या असतात.

पडताळा घरीच घ्या. कलमाच्या खोडावर हातभर अंतराने ऑइलपेंटचे दोन ठिपके द्या, अंतर मोजून लिहून ठेवा. दोन पावसाळ्यांनंतर पुन्हा मोजा. माडावर चढायला आजोबांनी पाडलेल्या खाचा आजही त्याच उंचीवर असतात, तेही पाहा.

म्हणून वाटेत येणारी फांदी अंगठ्याएवढी असतानाच काढावी; जखम लहान राहते, लवकर भरते. फांदी खोडाला मिळते तिथे फुगीर भाग असतो, तो राखून त्याच्या लगेच बाहेर कापा. खुंटी ठेवू नका, ती कुजते. सगळ्या फांद्या मात्र एकदम नकोत, खोड जाड व्हायला त्यांच्या पानांची मदत होते. हापूसची काडी रायवळ, म्हणजे गावठी आंब्याच्या रोपावर जिथे बांधलेली असते, त्या जोडाच्या खाली रायवळचा फुटवा दिसला की लगेच काढा.