खाडा कुणाच्या नावावर?

गिरणगावातल्या माणसाला ‘खाडा’ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. कामावर गेलं नाही की त्या दिवसाचा पगार गेला. आजारपणाने आणि प्रदूषणाने अर्थव्यवस्थेचं किती नुकसान होतं, हे आता टक्क्यांत सांगतात. मुंबईत ते सव्वाशे वर्षं खाड्यांतच मोजता आलं असतं, पण बहुतेक खाडे कामगाराच्याच नावावर लागले.

मालकांच्या नावावर तो एकदा ठळकपणे लागला. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. धान्याच्या वखारींचा हा भाग, उंदरांना काय तोटा! पुढच्या काही महिन्यांत सुमारे आठ लाखांच्या शहरातले जवळपास निम्मे लोक गावाकडे पळाले. गिरण्यांना माणूस मिळेना. एरवी महिन्याचा पगारही अडकवून ठेवणारे मालक रोजच्या रोज रोकडा मोजू लागले आणि नाक्यानाक्यावर कामगारांसाठी बोली लागली. मुंबईहून गेलेल्या जहाजांना परदेशी बंदरांत क्वारंटाइन सोसावं लागलं. मग मात्र सरकार हललं. फेब्रुवारी १८९७मध्ये साथरोग कायदा आला, १८९८मध्ये शहर सुधारण्यासाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड काढले ते दाट वस्तीत समुद्राचा वारा शिरावा म्हणून. वारा आला, पण पाडल्या तेवढ्या खोल्या काही लगेच बांधल्या गेल्या नाहीत.

धुराची गोष्ट वेगळी. चिमणीतून धूर निघतोय म्हणजे चूल पेटतेय, असा हिशेब होता. १९१२मध्ये धूरविरोधी कायदा झाला खरा, पण १९१५पासून खोपोलीची पाण्यावरची वीज गिरण्यांत येऊ लागली, तिनेच कोळशाचा धूर जास्त हटवला असावा.

गिरणीच्या खात्याच्या, म्हणजे कामाच्या विभागाच्या आतली हवा तशीच राहिली. कापसाची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की बिसिनोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो. रविवारी सुटी घेऊन माणूस सोमवारी खात्यात शिरला की छाती आवळते, ही त्याची खूण. तरी यंत्र थांबत नसे, कारण फाटकाशी बदली कामगार उभेच असत. एकाला दम लागला की दुसरा आत. उत्पादनाच्या आकड्यात हा आजार दिसणार कुठून?

१९५०च्या दशकात तुर्भे (ट्रॉम्बे)-माहुलला तेलशुद्धीकरण आणि वीजनिर्मिती आली, पुढे खताचा कारखाना. केईएम रुग्णालयाच्या डॉ. एस. आर. कामत यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस लालबाग, चेंबूर आणि खारच्या रहिवाशांची तपासणी सुरू केली, तेव्हा खोकला आणि दम्याचा धुराशी संबंध कागदावर आला. हवा प्रदूषणाचा केंद्रीय कायदा १९८१चा. पुढच्याच जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, चिमण्या थंड होत गेल्या आणि गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले. धुराची जागा सिमेंटच्या धुळीने घेतली.

दूषित हवेमुळे २०१९मध्ये देशाच्या सकल उत्पादनाच्या (जीडीपी) १.३६ टक्के नुकसान झालं, असा अंदाज ‘लॅन्सेट’ समूहाच्या वैद्यकीय नियतकालिकात आला आहे. अकाली मृत्यू आणि आजारपणात बुडालेलं काम, दोन्ही त्यात धरलंय. ऑक्टोबर २०२३मध्ये महापालिकेने बांधकामांच्या धुळीसाठी नियम काढले. आता इमारती हिरव्या कापडात गुंडाळलेल्या दिसतात. त्या कापडाच्या आत कामाला जाणारी माणसं सकाळी आठला डबा घेऊन नाक्यावर उभी असतात. मुकादम येतो, चेहरे बघतो. जो खोकत असतो त्याच्या शेजारच्याला टेम्पोत चढवतो.